लिफ्ट थांबवणारी ओळ

— नाही हो, ‘बग’ लिहू नका. चौकशीच्या कागदावर एकदा तो शब्द चढला की संपलं. चहा घ्या आधी. तर लिफ्ट फिरते तसा आमच्या प्रोग्रॅममधला आकडा वाढत जातो, आणि वाढता वाढता एक दिवस मावेनासा होतो. मग काय होणार? सी भाषेचे नियम म्हणतात, काहीही — अनडिफाइन्ड बिहेवियर म्हणतात त्याला. आता नियमांनीच हात वर केले, तर चूक माझी कशी? उलट मी काळजी घेतली. न मावलेला आकडा बहुधा उलटून उणे होतो, म्हणून एक ओळ लिहिली — वाढवलेला आकडा कमी दिसला, तर लिफ्ट थांबव. वर्षानुवर्षं थांबत होती, मुकाट्यानं. मग आला नवा कंपायलर, आमचं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा, अतिशहाणा. तो म्हणाला, वाढवलेला आकडा कमी होईलच कसा? ओळ फालतू. दिली उडवून. विचारलं नाही, सांगितलं नाही.

माझी मेहुणी इथंच प्रोग्रॅम तपासायला होती, मीच चिकटवली होती. ती म्हणायची, “भाऊजी, हा बगच आहे. आज चालतंय ते नशीब.” मी म्हणायचो, चालतंय ना? मग चूक दाखव. आम्ही तिला नियमावली म्हणायचो — सगळी खोली हसायची, मी जरा जास्तच. गेली नोकरी सोडून. बायको म्हणते, तुम्हीच घालवलीत. हल्ली बायको एवढंच म्हणते, की — जाऊ द्या, ते लिहू नका.

तो सामान चढवणारा? वाईटच झालं. दार उघडं आणि लिफ्ट सरकली. गेलो होतो ना बघायला. गुडघ्याखाली चादर सपाट. म्हणाला, “साहेब, थांबली का नाही ती?” मी म्हटलं, जरा तांत्रिक आहे. काय सांगणार, नियमात लिहिलेलं नाही म्हणून?

आमच्या इमारतीत? हो, हीच लिफ्ट, हाच प्रोग्रॅम. मी जिन्यानं जातो. सातवा मजला, व्यायाम होतो. मुलगीही जिन्यानंच, मीच बजावलंय तिला. नाही, अपघातानंतर नाही, आधीपासूनच — मेहुणी गेली तेव्हा —

तुमचा चहा गार झाला. या आता. दार ओढून घ्या जाताना.