तेराचा पाढा

राजूरच्या स्टँडवर सकाळची थंडी अजून हटली नव्हती. जालन्याच्या गाडीची वाट बघत प्रभावतीबाई उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या. मागं दोघी बोलत होत्या.

"सत्यशीला, लेकरं शाळंत न्हाई घातली अजून?"

"शाळा नदीपल्याड, गिरिजामावशी. मीच शिकवते घरी. सध्या तर ज्वारी राखायच्या माळ्यावरच. पाढे जोरात म्हणायचे, पाखरं बी उडतात."

"उडतात, अन् बराबर आमच्या रानात येऊन बसतात. दुष्काळानंतर यंदा कुठं कणीस भरलं."

"तुमची पोरगी झुंबर हाय ना तिकडच्या माळ्यावर. गोफण फिरवती की न्हाई?"

"आधी फिरवायची. आता तशीच धरून उभी राहती. तुझी पोरं गप झाली की मंग दगड सुटतो."

"आमचा कडूबा काल तेराच्या पाढ्यात अडकला. सातावर गप. तर तुमच्या रानामागच्या टेकडीकडून आवाज आला, तेरा सत्ते एक्क्याण्णव. पोरगं म्हणलं, आई, टेकडीला पाढे येतात."

"टेकडी न्हाई, माय. झुंबर."

"कोणी शिकवलं तिला?"

"कोण शिकवील? वारा तुमच्याकडूनच येतो."

"मंग उद्यापासून आमच्याकडं धाडा."

"अन् आमची पाखरं?"

"माळा बांधावर आणून घालू. तिघं मिळून वरडली की दोन्ही रानं राखून होतील."

जालन्याची गाडी लागली, तरी पुढचं ऐकायला प्रभावतीबाई बसूनच राहिल्या.

"बरं, धाडते. पण चौदाचा जल्दी घे, बाई. महिना झाला, पोरगी झोपंत बी तेराच म्हणून राह्यली."