बयाबाईच्या बारा माना

...आन वर तोंड करून मला म्हणतो, "काका, मान वाकडी हाय!" आवं पावणं, माझी न्हाय, दुकानातली! सराफाच्या काउंटरवर साज घालून ठेवायला मखमलीच्या माना असत्यात बघा, बिनमुंडक्याच्या, त्या. बारा करून दिल्या, बाराच्या बारा डावीकडं कलल्या. आता ह्यात माझा काय दोष? ...हाय थोडा. पण ऐका तर खरं!

मी गुंडू, उचगावचा. माझं दागिन्यांच्या डब्यांचं काम. पुठ्ठा कापा, मखमल चिकटवा, बिजागरी ठोका... उभा जन्म ह्यात गेला. आख्ख्या गुजरीचं, म्हंजे सराफ बाजाराचं, सोनं माझ्या हातच्या घरात झोपतंय, आन माझ्या घरात? रिकाम्या डब्यांचा ढीग! आमची बयाबाई रोज केर काढताना त्या ढिगाकडं बघती आन म्हणती, "डबी आमची, आतला माल दुसऱ्याचा!" रोज! देवाचं नाव घेतल्यागत!

तर हा यशराज, सराफाचा पोरगा. बापाच्या जुन्या दुकानाच्या भिंती फोडून ह्यानं शोरूम काढली आन मला बोलावलं. "काका, डबीला लक्झरी फील पायजे." म्हटलं, म्हंजे लाल करू का निळी? "तसं न्हवं काका, डबी उघडताना गिऱ्हाइकाच्या काळजात कायतरी झालं पायजे." आता तुम्हीच सांगा, सोन्याचा भाव ऐकून काळजात व्हत न्हाय व्हय? डबीनं आनखी वेगळं काय करायचं? वर आनखी खटक्याचा आवाज नको, बिजागरी दिसाय नको. मग लावलं लोहचुंबक. चांगलं थोरलं लावलं. पहिली डबी नेली, ह्यानं ठुशी घालून मिटली, तर उघडंना! ह्यानं ओढली, ह्याच्या बायकोनं ओढली, शेवटाला एक टोक ह्याच्याकडं, एक तिच्याकडं... उघडली तशी आतली ठुशी उडून थेट चहाच्या कपात! मी म्हटलं, झालं का काळजात कायतरी? ह्यानं ती डबी ठेवून घेतली आन बाकीच्यांना चुंबक बारकं लावाय सांगितलं.

मग ह्या माना. "काका, रेडिमेड प्लास्टिकच्या नकोत, बगळ्यागत लांब असत्यात. आपला साज आपल्या बाईच्या मानेवर पायजे." हे मातर मला पटलं, खोटं कशाला बोलू? पण आपली बाई आणायची कुठनं? घरला येऊन बयाबाईला म्हटलं, जरा मान दे. म्हणाली, "लग्नात दिली की! परत किती डाव देऊ?" समजावून सांगितलं तवा म्हणती कशी, "देते. पण ह्या कामात मला ठुशी पायजे. डबीसकट." मी व्हय म्हटलं. न्हाय म्हणून जेवायचं कुठं?

मानेला खोबरेल चोपडलं, वर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या. म्हटलं, वाळंस्तवर हलायचं न्हाय, बोलायचं न्हाय. आन काय सांगू तुम्हास्नी, घरात शांतता! लग्नापासनं पहिल्यांदा! मी निवांत दारात जाऊन बसलो. तेवढ्यात डाव्या अंगाच्या खिडकीत शेजारची सलमा. "बयाक्का, कळलं का? हंबीररावांची सून माहेराला गेली! म्हशीला घिऊन!" आता बयाबाई बोलंना, शब्द म्हंजे शब्द. पण कान? कान निघाले खिडकीकडं, आन कानामागनं मान! सून गेली, म्हस गेली, म्हशीमागनं सासू पळाली... सलमाचं सांगून झालं तवर प्लास्टर दगडागत वाळलं. त्यावरनं साचा, साच्यातनं बारा माना. मला वाकडं दिसलं न्हाय का म्हणता? आवं, ती मान मी कायम तशीच बघत आलोय! मला तीच सरळ वाटती!

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी यशराज तोंड वाकडं करून, "काका, साज एका बाजूला सरकतोय! परत न्या, मी प्लास्टिकच्या मागवतो." कामाचं सोडा हो, ठुशी गेली की! घरला जाऊन कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, बाबा, उद्याच्याला तुझ्याकडं दुसरं काय हाय का? नव्हतंच. राहिल्या तशाच.

दुसऱ्या दिवशी बिद्री गावची एक बाई आत आली आन जाग्यावरच थांबली. "अगंबाई! ह्या सगळ्या काय ऐकाय लागल्यात गं?" आन तिनं बी मान कलती केली. तिच्या मागचीनं केली. बघता बघता आख्खं दुकान डावीकडं कललं! कोण भाईर पडंना. मानांच्या पुढं उभ्या राहून एकमेकीला घरच्या गोष्टी सांगाय लागल्या, आन सांगता सांगता "ह्यो साज दावा, त्यो साज दावा." बयाबाई बी आलती. आपल्याच बारा मानांकडं सोनं घातलेलं बघत लई वेळ उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मान आमची, साज दुसऱ्याचा."

मी फडकं काढून काउंटरची काच पुसाय लागलो.

तवर यशराज आला हसत. "काका, ह्या माना आता हलवायच्या न्हाईत! आन काकू, ही आमच्याकडनं तुम्हाला भेट." निळी मखमली डबी! मी म्हटलं, सुटलो रं बाबा. रिक्षात बयाबाईनं ती पदराखाली धरली, कुणी बघंल म्हणून. घरला आल्यावर देवापुढं ठेवली, हळदकुंकू वाहिलं, मग उघडाय गेली तर उघडंना! तीच! पहिली, थोरल्या चुंबकाची! दोघांनी दोन टोकं धरून ओढली. आत काय? कार्ड! 'ठुशीच्या खरेदीवर मजुरीत सूट.'

झालं. काळजात कायतरी झालं बघा. पोराचा तो लक्झरी फील आला.

वाटलं, आता ही बोलणार. तर हिनं कार्ड उचलून चहाच्या कपाखाली घातलं. जेवाण झालं, मी कवळी काढून ठेवाय वाटी बघतोय तर वाटी न्हाय. हिनं ती डबी पुढं सरकवली. "ह्यात ठेवा." ठेवली. करतो काय? झाकण बसलं, आवाज न्हाय.

आता रोज सकाळी दोघं दोन टोकं धरून ओढतो, तवा कुठं मला दात मिळत्यात. आन ती मान कलती करून म्हणती, "डबी आमची... आन आतला माल बी आमचाच!"