झऱ्यावरची बाटली

(पोलादपूरकडच्या एका वाडीत, देवाच्या डोहाच्या काठावर. पाणी तपासणारी प्रियदर्शिनी, डोहातली पाण्याची पातळी मोजायची पट्टी वाचायला नेमलेले सोनबा आणि त्यांची बायको तुळजाबाई.)

प्रियदर्शिनी : काका, विषय बदलू नका. काठावर नऊ मासे मरून पडलेत, आणि तुम्ही दर सोमवारी पाठवता ते पाणी मात्र तपासणीत उत्तम! असं कसं?

सोनबा : यंत्र चुकलं असंल तुमचं.

प्रियदर्शिनी : सलग चार महिने? आणि ही पट्टी बघा. पाणी तिच्या बुडापासून हातभर लांब गेलंय. वहीत काल 'दोन फूट' लिहिलंय!

सोनबा : देवाच्या डोहाला शून्य कसं लिवू? हात धजत नाय गो.

तुळजाबाई : बाटलीचं पन सांगा की. का मी सांगू?

सोनबा : तू गप ऱ्हा.

तुळजाबाई : गप ऱ्हायले म्हनूनच ही पाळी आली. बाय, हे बाटली वरच्या झऱ्यावर भरतात. वर फडक्यानं गाळून.

प्रियदर्शिनी : झऱ्यावर? अहो, बाटलीवर 'डोह' असं मी स्वतः लिहून देते!

सोनबा : मग? देवाचं पानी तालुक्याला जानार, चार सायेब बघनार. शेवाळलेलं, वास मारनारं धाडू? पावन्याला गढूळ पानी देतीस का तू?

प्रियदर्शिनी : पाहुणे कुठले काका, तपासणी आहे ती! डॉक्टरकडे दुसऱ्याचं रक्त नेऊन देता का तुम्ही?

सोनबा : मला वाटलं, गावाची लाज राखली.

प्रियदर्शिनी : वैताग आणलात हो! उद्या तहसीलदारांपुढे सुनावणी आहे. वरच्या फार्महाऊसवाल्याचा डोहातलं पाणी उपसणारा पंप बंद करा म्हणून आपणच अर्ज केलाय ना? तो तुमचीच वही पुढे करणार. पाणी दोन फूट, पाणी स्वच्छ. पंप चालूच राहणार, आणि उरलेले मासेही गेले म्हणून समजा.

सोनबा : आज्यापास्नं कुनी गळ टाकला नाय हितं. नैवेद्याचा भात पयला माशांना, मग मानसांना. आन मी हे करून बसलो... थांब, आता भरतो बाटली. डोहातलीच.

प्रियदर्शिनी : भरा. पण निकाल यायला आठ दिवस लागतात. उद्या काय दाखवू मी?

तुळजाबाई : ह्यांनाच ने की.

सोनबा : आन सगळ्या गावासमोर सांगू, मी खोटं पानी धाडलं म्हनून?

तुळजाबाई : मग काय माशांनी येऊन सांगायचं?

सोनबा : ...कागद काढ बाय. लिव. चार महिनं बाटली झऱ्यावर भरली, पट्टी खोटी लिवली. सोनबानं.

प्रियदर्शिनी : लिहिलं. करा सही.

सोनबा : बापाचं नाव पन घाल. वाडीत सोनबा तिघं हायत.