सावंत काकू गप्प बसल्या त्याची गोष्ट

चूक सावंत काकूंचीच. आमच्या वाकोल्याच्या चाळीतल्या आरोग्यसेविका. मी कॉलेज सोडल्यापासून दिसलो की सुरू, "दिवसभर लोळतोस, लाज नाही वाटत?" मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचो. त्यांच्या मानसिक आरोग्याच्या ट्रेनिंगला सरावासाठी खोटा पेशंट कमी पडला, तर मलाच ओढून नेलं. "नुसतं तोंड पाडून बस. तुला जमतंच ते."

समोर काकूच बसल्या. "झोप लागते का रे?"

"नाही."

"मग बघ अजून मोबाईल, नुसतं..."

"काकू, सल्ला नाही," ट्रेनर मॅडम म्हणाल्या. "विचारायचं आणि ऐकायचं."

काकू चक्क गप्प बसल्या. यार, हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. त्या शांततेत माझंच तोंड सुटलं, ते थांबेचना. शेवटी म्हटलं, सकाळी उठावंसंच वाटत नाही.

बाकीच्या सेविकांनी टाळ्या वाजवल्या. "झकास ॲक्टिंग!"

काकूंनी नाही वाजवल्या. नुकतंच शिकवलं होतं तसं सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं?"

"कधी कधी."

"उद्या दवाखान्यात जायचं. मी येते सोबत."

आता दर सोमवारी आम्ही दोघं जातो. रांगेत काकू सल्ल्यासाठी तोंड उघडतात, मी ओठांवर बोट ठेवतो, त्या तोंड मिटतात. रात्री झोप लागते आता. पण सावंत काकूंना शिव्या घालायची मजा कायमची गेली.