टेकडीवरून विचारलेला प्रश्न

अडलं की ग्रुपवर विचारावं म्हणता, पण एकदा आमच्या गुंद गावाला येऊन विचारून बघा! चुलतबहिणीच्या लग्नाची पत्रिका मी घरच्या कंप्युटरवर करायला घेतली, तर सॉफ्टवेअरनं अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटवले. नवरीसुद्धा चौकोन, नवरासुद्धा चौकोन!

आमच्याकडं नेटवर्क मिळतं ते फक्त देवळामागच्या टेकडीवर. वर चढून एका ग्रुपवर विचारलं.

"हा मोबाइलवाल्यांचा ग्रुप आहे, दुसरीकडे विचारा."

दुसरीकडे विचारलं.

"व्हर्जन कोणतं?"

खाली घरी जाऊन बघून आलो.

"स्क्रीनचा फोटो टाका."

परत खाली, परत वर. गोव्यातल्या लेकाला फोन लावायला रोज तिथं येणारी रखमक्का माझा हा वारंवारचा चढउतार बघत बसलेली.

"गावला का रं ग्रुप?"

"गावला अक्का! देवमाणूस भेटलाय."

तेवढ्यात देवमाणसाचं उत्तर आलं. मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, "एकदम सोपं आहे. कंप्युटर इंटरनेटला जोडा, आपोआप दुरुस्त होईल."

अक्कानं खाली आमच्या घराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ग्रुप चांगला हाय तुझा. आता टॉवर कुठल्या ग्रुपात मागायचा, तेवढं इचार की त्यास्नी."