मालोजीराव सरांचं उप्पिट्टू

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या समाज मंडळाचे प्रमुख माननीय संताजीराव, प्रमुख पाहुणे डॉक्टर कृष्णमूर्ती, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते मालोजीराव सर, त्यांच्या शेजारी खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेल्या त्यांच्या पत्नी गोदावरीबाई, आणि समोरच्या सर्व वडीलधाऱ्यांना व मैत्रिणींना माझा नमस्कार.

मी तुळसी. आपल्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तीन वर्षांपूर्वी तंत्रज्ञ म्हणून लागले. सरांची त्याच प्रयोगशाळेतली नोकरी एकतीस वर्षांची, तेव्हा त्यांच्याबद्दल माझ्याआधी बोललेल्यांना जास्त माहीत आहे. त्यांचा वक्तशीरपणा, त्यांची इस्त्रीची पँट, त्यांनी कधीही न हरवलेलं पेन, हे सगळं सांगून झालेलं आहे. मी फक्त एका चुकीबद्दल बोलणार आहे. निरोपाच्या सभेत असं बोलावं का? मी सरांना काल विचारलं. ते म्हणाले, "बोल की. आकडे बरोबर सांग, अष्टे, एवढंच."

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी याच सभागृहात आपलं साखर तपासणीचं शिबिर भरतं, हे सर्वांना ठाऊक आहे. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग नाश्ता. मी आले तेव्हाची पद्धत अशी होती : साडेसहाला पुरुषांची रांग. आठ वाजता पुरुषांचा नाश्ता. ते कॉफी घेऊन पेपर वाचत बसले, की साडेनऊच्या सुमाराला पदराला हात पुसत बायका यायच्या. का? कारण पहाटे पाचपासून त्या मागच्या स्वयंपाकघरात नाश्ता करत होत्या. लग्नात पहिली पंगत पुरुषांची असते ना, तीच शिबिरातही आली. कोणी ठरवली नव्हती. म्हणूनच ती कोणी बदललीही नाही.

आता, आपल्याकडे चव बघितल्याशिवाय पातेलं खाली उतरत नाही. उप्पिट्टूचं मीठ बघायचं, केसरीबातची गोडी बघायची. मग टेबलापाशी आल्यावर सर विचारायचे, "काही खाल्लंत?" बायका खरं सांगायच्या, "स्वल्प, एक चमचा." सर आकडा लिहायचे आणि शेजारी शेरा मारायचे, ‘खाल्लंय, पुन्हा’. म्हणजे पुन्हा येऊन उपाशीपोटी तपासून घ्या. नियमाप्रमाणे हे बरोबर होतं.

त्या स्वयंपाकघराची प्रमुख कोण, हेही तुम्हाला ठाऊक आहे. जयलक्ष्मी. तुम्ही सगळे तिला जयक्का म्हणता. मी आई म्हणते.

हे सांगायचं मी टाळणार होते. पण त्याशिवाय आकड्यांना अर्थ राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी आईच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला चपलेचा पट्टा लागून जखम झाली. छोटीशी. सहा आठवडे झाले तरी भरेना. ती हळद लावायची आणि वर पातळाचा काठ ओढून घ्यायची. चालताना पोटरी दुखते, उभं राहिलं की दुखणं थांबतं, असंही ती कधीतरी म्हणाली होती. मी काय म्हणाले? "दिवसभर उभी असतेस, दुखणारच." पुरुष असं म्हणाला असता तर मी लगेच पुढचा प्रश्न विचारला असता. हे मी स्वतःबद्दल सांगतेय.

शेवटी ती जखम डॉक्टर कृष्णमूर्तींनी पाहिली. त्यांनी दंडाचा रक्तदाब घेतला, मग घोट्याचा. दंडाला एकशे पन्नास, घोट्याला शहाण्णव. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. निरोगी माणसात उत्तर एकच्या आसपास येतं. आईचं आलं शून्य पूर्णांक चौसष्ट. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या होत्या आणि जखमेपर्यंत पुरेसं रक्त पोचत नव्हतं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जखम भरली नाही तर अंगठा जाईल. तिथेच थांबेल याची खात्री मी देत नाही." मग त्यांनी विचारलं, "ही साखर काही काल वाढलेली नाही. घरात तंत्रज्ञ, महिन्याला शिबिर. आधी कुणी तपासली नाही?"

तपासली होती. मी रजिस्टर काढलं. पाच वर्षं, पाच नोंदी. एकशे एकाहत्तर, एकशे चौऱ्याऐंशी, एकशे नव्वद, दोनशे तीन, दोनशे अठरा. प्रत्येकीपुढे ‘खाल्लंय, पुन्हा’. एक चमचा केसरीबातने साखर दोनशे अठरा होत नाही, हे गणित मला येत होतं. आकडा खोटा नव्हता. त्याचं कारण मात्र आम्हाला फार सोयीचं सापडलं होतं. पहिल्या चार नोंदी सरांच्या अक्षरात होत्या. पाचवी माझ्या.

मी रजिस्टर सरांपुढे ठेवलं. ते बराच वेळ वाचत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, बायका परत येतच नाहीत, मी काय करू? तसं ते नेहमी म्हणायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी कपाट उघडलं. अकरा वर्षांची रजिस्टरं पिशवीत घातली आणि घरी घेऊन गेले. गोदावरीबाई सांगतात, चार दिवस जेवणाच्या टेबलावर तीच पसरलेली होती आणि ताट मांडीवर घेऊन जेवायची वेळ आली होती.

पाचव्या दिवशी मंडळाची बैठक होती. सर उभे राहिले. "अकरा वर्षांत बायकांच्या सहाशे बारा नोंदी. त्यांतल्या चारशे सात ‘खाल्लंय, पुन्हा’. पुन्हा आल्या एकतीस. उरलेल्या तीनशे शहात्तर वेळा आपण आकडा बघितला आणि सोडून दिला. हे अक्षर माझं आहे." एवढंच बोलले. मग म्हणाले, "पुढच्या शिबिरात बायका आधी."

माननीय अध्यक्षांची क्षमा मागून त्यांचंच वाक्य सांगते. संताजीराव म्हणाले होते, "अय्यो मालोजी, बायकांना आधी घेतलंस तर उप्पिट्टू कोण करणार?"

सर म्हणाले, "मी."

आणि त्यांनी केलं. इथे बसलेल्या पुरुषांपैकी ज्यांनी ते खाल्लं, त्यांना ते आठवत असेल. रवा न भाजताच उकळत्या पाण्यात पडला होता. गुठळ्या लिंबाएवढ्या. जगन्नाथराव म्हणाले, "सर, हे खायचं की भिंतीला लावायचं?" सर म्हणाले, "आधी रक्त दे, मग ठरव." मागे माझी आई पाय स्टुलावर ठेवून बसली होती आणि ओरडत होती, "मालोजीअण्णा, हाक मारायची होती की मला!" सर तिथूनच म्हणाले, "तुम्ही सुम्ने, स्वस्थ बसा, जयक्का. तुम्ही उठलात तर चव बघाल आणि माझा रकाना बिघडेल."

हसण्यासारखंच होतं ते. पण ते शिबिर धरून पहिल्या तीन शिबिरांत अठ्ठावन्न बायका खरोखर उपाशीपोटी रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या चौदा जणींना मधुमेह असल्याचं प्रथमच कळलं. सरांनी रांगेत आणखी एक स्टूल वाढवलं, घोट्याचा रक्तदाब घ्यायला. तिथे ते प्रत्येकाशी बोलत. पुरुषांना म्हणत, "साखर काठावर आहे म्हणून हसू नका, धमनी काठ बघत नाही." आणि बायकांना समजावत, की पाळी असेपर्यंत बाईच्या धमन्यांना थोडं संरक्षण असतं, पण मधुमेह आला की त्यातलं बरंचसं निघून जातं, तेव्हा ‘हे पुरुषांचं दुखणं’ असं समजून घरी बसू नका. हे त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. एकसष्टाव्या वर्षी, तीस वर्षांनी लहान मुलीकडून. मी दोनदा चूक काढली, दोन्ही वेळा त्यांनी वहीत दुरुस्त केली.

आईचं सांगून संपवते, कारण तुम्ही माझ्याकडे नाही, तिसऱ्या रांगेत तिच्याकडे बघताय हे मला इथून दिसतंय. साखर ताब्यात आली. जखम भरायला चार महिने लागले. अंगठा आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं : दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. ती कुक्करहळ्ळी केरेच्या तळ्याकाठाने एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत चालू लागली. सुरुवातीला एकशे ऐंशी मीटरवर थांबावं लागे. दर शिबिराला सर तिला विचारत, "कितवा बाक?" ती उत्तर द्यायची आणि ते लिहून घ्यायचे. त्या नोंदीला रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. सरांनी पट्टीने आखून घेतला.

घोट्याचा आकडा आजही फारसा बदललेला नाही. शून्य पूर्णांक अडुसष्ट. मी खोटं आश्वासन देणार नाही. बदललंय ते अंतर.

आमच्या घरापासून हे सभागृह आठशे साठ मीटर आहे. आज आई चालत आली. सोबत चाललेलं तिला आवडत नाही, म्हणून मी वीस पावलं मागे होते. वाटेत ती एकदा थांबली. माझा हात सवयीने घड्याळाकडे गेला. पण ती पायासाठी थांबली नव्हती. मल्लिगेचा, मोगऱ्याचा हार घेत होती, आणि उमललेल्या कळ्या देऊ नकोस म्हणून फुलवालीशी भांडत होती. तो हार आता सरांच्या गळ्यात आहे.

सर, रजिस्टरमध्ये आजची नोंद मी करीन. ‘न थांबता’ असं लिहिणार होते. पण तुम्ही आकडा मागाल, म्हणून आठशे साठ लिहीन आणि शेजारी शेरा, ‘फुलं’.

मंडळाने मला बोलू दिलं, संताजीरावांनी स्वतःचंच वाक्य हसून ऐकलं, डॉक्टरांनी तो अवघड प्रश्न विचारला आणि गोदावरीबाईंनी चार दिवस मांडीवर ताट घेतलं, या सर्वांची मी आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, एखाद्याचा मान राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. फक्त माझ्या नावापुढे ‘पुन्हा’ लिहून पान उलटू नका. जे चुकलं ते आजच सांगा. मी थांबते. स्वयंपाकघरातून निरोप आलाय, आज पहिली पंगत बायकांची आहे, आणि वाढायला सर उभे राहणार आहेत.