मॅडमच्या ताटातली मरळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मच्छिमार संस्थेचे चेअरमन चंद्रशेखरभाऊ, सरपंच पंचफुलाताई, ज्यांच्या निरोपासाठी आपण सारे जमलो त्या आपल्या मत्स्य अधिकारी छाया मॅडम, उंद्री-अमडापूरहून आलेली पाहुणे मंडळी आणि समोर बसलेल्या माझ्या माय-बहिणींनो, भावांनो, सर्वांना या कडूबाचा नमस्कार.

मी सातवी नापास माणूस. चार ओळी कागदावर लिहून आणल्या आहेत. मधेच थांबलो तर भाषण संपलं असं समजून टाळ्या वाजवू नका, अक्षर लागत नसेल म्हणून थांबलो असेन.

तुमची नजर मघापासून त्या ताटाकडे आहे. आपली रीत सर्वांना ठाऊक आहे. तळ्यावरचा साहेब बदलून चालला की तळ्यातला सर्वांत मोठा मासा ताटात पळसाच्या पानावर ठेवून त्याच्या हाती द्यायचा. आज पान आहे, नारळ आहे, शाल आहे. मासा नाही. तो आणायचं काम चेअरमनसाहेबांनी माझ्यावर टाकलं होतं, तेव्हा दोष माझा. पण तो कसा घडला हे सांगायला मला नऊ वर्षं मागे जावं लागेल. मॅडम, तुमच्या गाडीची वेळ सांभाळून बोलतो.

नऊ वर्षांपूर्वी आपण कटल्याचं, रोहूचं बोटाएवढं बी तळ्यात सोडायचो आणि त्याचे मासे हाती लागायचे नाहीत. तेव्हा सभेत उठून मीच म्हणालो की मरळ बी खाते, तळ्यातली मरळ संपवा. सगळे हात वर झाले. एक झाला नाही. अमडापूरच्या हबीबचा. चाळीस वर्षं आम्ही दोघं एकाच तराफ्यावर बसलो होतो.

"काऊन बे कडूबा," तो म्हणाला, "मरळीनं तुह्यं काय घोडं मारलं?"

"आपलं बी खाऊन राह्यली ना ते!"

"अन् चिलापी कोन खाईन? तू?"

बारक्या, बेभाव चिलापीचं नाव ऐकून सभा हसली. मला राग आला. मी म्हणालो, "तुले येवढा पुळका आहे तं तिलेच चेअरमन कर." तो हसला नाही. चपला घालून निघून गेला.

मग मी कामाला लागलो. मरळ आपल्या पिल्लांना सोडत नाही, हे कोळ्या-भोयांना सांगायला नको. पिल्लं पाण्यावर लाल गोळ्यानं फिरतात, कुंकू सांडल्यासारखी, आणि खाली आई-बाप राखण करतात. त्या लालीत गळ टाकला की आई झेपावते. भुकेनं नाही, रागानं. आधी ती, मग तो. उरलेली पिल्लं दोन दिवसांत दुसरे मासे संपवतात. हे मला फार चांगलं जमत होतं.

तीन वर्षांत तळं चिलापीनं भरलं. जाळं जड यायचं, पण एक मासा तळहाताहून मोठा नाही. खाणारी तोंडं वाढली, खाणं तेवढंच. कटल्याची नुसती डोकी मोठी आणि अंग काडी.

तेव्हा छाया मॅडम आल्या. पहिल्याच दिवशी जाळ्यात कुठली तरी चुकलेली मरळ आली. मॅडमनी काठावर बसून तिचं पोट फाडलं. आता बी निघणार आणि माझं खरं ठरणार, म्हणून मी पुढे सरकलो. सात चिलापी निघाल्या. आपलं बी एकही नाही.

एका पोटावर त्या विसंबल्या नाहीत. वर्षभर मासे मोजले, मापले. मग म्हणाल्या, "बाबा, बोटाएवढं बी मरळ खाणारच. ते आधी डबक्यात वीतभर वाढवा, मग सोडा. पण चिलापी आवरायला मरळ पाहिजेच." दुसऱ्या तलावातून मरळी आणून सोडल्या. हातभर झाल्याशिवाय धरायची नाही, पिल्लांजवळची जोडी कधीच धरायची नाही, असा नियम केला. त्यांना नावं ठेवणाऱ्यांत पहिला कोण होता? मीच होतो.

हबीब तोवर देऊळगाव राजाला लेकीकडे राहायला गेला होता. मी सांगायला गेलो. "मरळी सोडल्या बे तळ्यात."

"पिल्लं दिसली?"

"नाही अजून."

"दिसली का सांगजो. मंग मानतो."

दर ईदला मी जायचो. तो तेच विचारायचा, मी तेच सांगायचो. चिलापी कमी झाली, कटला अंगानं भरला, पण लाली काही दिसेना. दुसरीकडच्या मरळी इथे रमल्याच नसतील काय? कोणी चोरून धरत असेल काय? की मी मोडलं ते कायमचंच मोडलं? गेल्या हिवाळ्यात हबीब गेला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं माझ्याकडेच राहिलं.

काल चेअरमनसाहेबांचा फोन आला, "कडूबा, मॅडमसाठी एक मोठी मरळ काढा. रीत मोडू नका." आज सकाळी थर्माकोलच्या तराफ्यावर गळ घेऊन गेलो. पाणकणसाच्या उंच गवताच्या कडेला एक मरळ श्वास घ्यायला वर आली. माझ्या हाताएवढी लांब. मी गळ उचलला, आणि तिच्या पुढचं पाणी लाल झालं.

हजार तरी पिल्लं असतील. खाली ती, जरा बाजूला तो. माझ्या हाताला सवय होती, तो आपणहून पुढे जात होता. दुसऱ्या हातानं मी तो हात धरला. गळ गुंडाळून ठेवला. तराफ्यावर हबीबची जागा रिकामी होती, तिकडे बघून म्हणालो, "दिसली बे."

आता मला धास्ती वेगळीच आहे. एवढ्या लोकांत बोलून बसलो. कोणतं पाणकणीस ते मी सांगणार नाही. चेअरमनसाहेब, तुम्हालाही नाही. पिल्लं पांगेपर्यंत महिना जाईल, तोवर मी काठावर बसेन. पण मी बहात्तरचा. पुढच्या साली कोण बसेल? मॅडम गेल्यावर जो साहेब येईल त्याला हे कोण सांगेल? म्हणून हात जोडून मागतो, ही ताटाची रीत आजपासून बंद करा. नऊ वर्षांपूर्वी माझ्या एका शब्दावर तुम्ही हात वर केले होते. आज पुन्हा करा.

मॅडम, तुमची मरळ पाण्यातच आहे, लेकुरवाळी आहे. कधी इकडे आलात तर मी असेन-नसेन, तिची लेकरं असतील. तुम्ही आम्हाला पाणी वाचायला शिकवलं, त्याचे आभार मानायला माझ्या कागदावर जागा नाही. सर्वांनी ऐकून घेतलं, तुमचेही आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर म्हाताऱ्याला माफ करा. रिकाम्या ताटाची मात्र माफी मागत नाही. आता हात वर करा, मी मोजतो.